दोन्ही पायांतली काळी रेघ

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना आधी डोकं बाहेर काढायचं सोडून मी पाय काढले. सुईणीने म्हणे कपाळावर हात मारून घेतला. पण आमच्या माण तालुक्यात पायाळू पोर म्हणजे मोठी चीज. त्याचा पाय लागला की कंबरेतली उसण जाते, लचक उतरते, असं सगळे मानतात. याला एक वाईट बाजूही आहे. वीज म्हणे पायाळू माणूस बघूनच पडते. त्यामुळे आभाळ गडगडलं की माझी आजी मला घोंगड्याखाली कोंबायची आणि वरून स्वतः बसायची. वीज काही पडली नाही, पण आजीच्या वजनाखाली एकदा माझा जीव जायची वेळ आली होती.

लग्न होऊन औंधाजवळच्या गावात आले आणि अंगाची हळद उतरायच्या आत सासूबाईंनी गावभर करून टाकलं, "आमची सून पायाळू हाय!" झालं. मी चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि दारात कोणीतरी कंबर धरून उभं. त्याने उंबऱ्यापाशी पालथं पडायचं, मी डावा पाय त्याच्या कंबरेवरून तीनदा फिरवायचा आणि परत भाकरीकडे जायचं.

त्या वेळची मी आठवली की मला आजही हसू येतं. पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई, पदर खोचलेला, तोंड असं गंभीर की जणू मुंबईहून शिकून आलेली डॉक्टरीण. "कवापास्नं दुखतंय?" असं विचारायची. उत्तर काहीही येवो, औषध एकच, डावा पाय. माणूस चार दिवसांत बरा झाला तर तो माझ्या पायाचा गुण. नाही झाला तर त्याने मधे आंबट खाल्लं. असा धंदा कोणाला आवडणार नाही? गावातली मोठमोठी, मिशीवाली माणसं माझ्या पायाखाली पालथी पडायची. एकदा तर सरपंच पडले होते. त्यांना मी मुद्दाम चौथ्यांदा पाय लावला. औषध म्हणून नव्हे, मजा म्हणून.

मग एक दिवस माझा मुलगा चिंचेवरून पडला.

तो तेव्हा दहा वर्षांचा. आमचे हे फौजेत, दूर कुठेतरी थंडीत. पोराचा डावा घोटा आतल्या बाजूने सुजून वांग्यासारखा झाला. शेजारीण म्हणाली, "आवं, साताऱ्याला न्या त्येला. फोटो काढतील." यावर ती पंचवीस-सव्वीसची डॉक्टरीण (आता तिशी ओलांडलेली, म्हणजे आणखी शहाणी) काय म्हणाली असेल? "घरात मी पायाळू असताना साताऱ्याला? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील! पोर कळवळतंय आणि मला पडली होती गिऱ्हाइकांची. चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या घोट्यावरून पाय फिरवला. वर हळद-तुरटीचा लेप. तो दात खाऊन पडून राहायचा, आणि मी विचारलं की म्हणायचा, "जरा बरं वाटतंय, आये." मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचा ते. हे मला कळायला पुष्कळ वर्षं लागली.

पाचव्या दिवशी सूज निळी पडली तेव्हा घाबरून एस.टी.ने साताऱ्याला नेला. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी फोटो काढला, ती काळी फिल्म खिडकीशी उजेडात धरली आणि पेन्सिलीचं टोक एका काळ्या रेघेवर ठेवलं. "बाई, पोराचं हाड इथून वाढतं. नेमका इथूनच तडा गेलाय. जुळेल, पण जरा सरकलंय आणि चार दिवस गेलेत. आता वाढताना कलेल."

बाकीचं माझ्या कानात शिरलंच नाही. एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं की काळी रेघ म्हणजे मोडलेलं हाड.

प्लास्टर निघालं, पाय चालता झाला. मी त्या फिल्मचं काय केलं म्हणाल, तर पाहुण्यांना दाखवली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनासुद्धा. पुढे सूर्याला ग्रहण लागलं तेव्हा सगळी आळी आमच्या अंगणात जमली आणि माझ्या लेकाच्या घोट्यातून सूर्य बघून गेली. डोळ्यांना वाईट असतं ते, हे तेव्हा कोणाला ठाऊक! सगळ्यांचे डोळे शाबूत राहिले हीच त्या पायाची पुण्याई. माझ्या नव्हे, त्याच्या.

घोटा मात्र डॉक्टर म्हणाले तसाच वाढला, किंचित आत कललेला. अठराव्या वर्षी पोरगं वडिलांसारखं फौजेत जायचं म्हणून भरतीला गेलं. पळण्यात पास झालं, छाती भरली, आणि तपासणीत घोटा बघून परत पाठवलं. घरी येऊन मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात दारात कोणीतरी कंबर धरून आलं, आणि मी म्हणाले, "पाय बंद झालाय. दवाखान्यात जावा." सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

आता तो सांगलीत एका कारखान्यात मशिनरीचं बघतो. सूनबाई बँकेत. आणि त्यांची एकुलती एक, माझी अकरा वर्षांची नात, खो-खो खेळते. खेळते म्हणजे काय, घरात दूध आणायला फ्रिजकडे जाते तीसुद्धा नागमोडी पळत.

गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर सांगलीला राहायला गेले होते. गुरुवारची दुपार. मुलगा-सून कामावर, मी शेंगा फोडत बसलेली. नात शाळेतून आली ती भिंत धरून, एका पायावर. दप्तर टाकलं, दाराला कडी घातली, माझ्यापुढे बसली आणि उजवा पाय माझ्या मांडीवर ठेवला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज.

"आज्जे, तू पायाळू हायस ना?"

"कुणी सांगितलं?"

"आजोबांनी. म्हणाले, तुझ्या आजीनं अख्खं गाव बरं केलं."

"आजोबा फौजेत हुते. त्यांनी काय बघितलं!"

"ते जाऊ दे. तू पाय लाव. शनिवारी मॅच हाय. पप्पांना सांगायचं न्हाई, मम्मीला तर न्हाईच न्हाई. सांगितलं की मला बसवतील घरात."

खरं सांगते, माझा डावा पाय जागचा हलला. इतक्या वर्षांनी कोणीतरी विश्वासाने समोर बसलं होतं. वय झालं तरी माणसाची हौस जाते कुठे! शेंगांचं सूप बाजूला सारलं, लुगडं सावरलं, पाय उचलला, आणि तेवढ्यात तिच्या तोंडाकडे बघितलं. दात खाऊन बसली होती. अगदी बापासारखी.

मी पाय खाली घेतला. म्हटलं, "लावते. पण आधी एका ठिकाणी जाऊन येऊ."

"कुठं?"

"हितंच. जवळच."

रिक्षा हाडांच्या दवाखान्यापुढे थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं. "फसवलंस तू मला! गद्दार हायस तू, आज्जे!" रिक्षावाला आरशातून माझ्याकडे असा बघत होता, जणू मी कोणाची पोर पळवून आणली आहे.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई निघाली, माझ्या सुनेपेक्षाही लहान. तिने आधी नातीला दोन पावलं चालायला सांगितलं. चालवेना. मग खुर्चीवर बसवून एका बोटाने, फक्त एका बोटाने, घोट्याभोवती दाबत गेली. "इथे? इथे? आणि इथे?" हाडाच्या टोकाशी बोट आलं तशी नात "आई गं!" करून ओरडली. मी मनात म्हटलं, बघ बये, याला म्हणतात तपासणं. तू आख्खी टाच फिरवत होतीस.

"एक्स-रे काढू या," डॉक्टरीण म्हणाली.

फोटोच्या खोलीत एक जाडजूड, हसऱ्या तोंडाचा तंत्रज्ञ होता. त्याने मला दाराबाहेर थांबायला सांगितलं. दारावर पाटी होती, गरोदर स्त्रियांनी आधी कल्पना द्यावी. मी डोकं आत घालून म्हटलं, "मी न्हाई बरं का." तो इतका हसला की पाय नीट ठेवायचं काम त्याला पहिल्यापासून करावं लागलं. नातही हसली. दुपारपासून पहिल्यांदा.

आता फिल्म-बिल्म काही नसतं. आम्ही डॉक्टरणीच्या खोलीत जाईपर्यंत घोटा तिच्या टेबलावरच्या पडद्यावर येऊन बसलेला. मी चष्मा लावला, पुढे वाकले, आणि बघते तर काय, काळी रेघ! हाडाच्या टोकाशी, या काठापासून त्या काठापर्यंत. टोक वेगळं आणि हाड वेगळं.

डॉक्टरीण तोंड उघडते तोवर मी फोन काढून मुलाला लावलासुद्धा. "आरं, ये लवकर! पोरीचं हाड तुटलंय. आरपार!"

"आजी, आजी, थांबा," डॉक्टरीण म्हणत होती. पण तिकडे तो "काय? कुठं? कशी?" करतोय, इकडे नात भोकाड पसरतेय, आणि मी दवाखान्याचं नाव सोडून बाकी सगळं सांगतेय. शेवटी डॉक्टरणीने माझ्या हातातून फोन घेऊन पत्ता सांगितला.

मग ती म्हणाली, "मला ही रेघ एका जागी जरा रुंद वाटतेय. दुसऱ्या पायाचाही एक काढू. एरवी मी काढत नाही, पण ताडून बघायला बरं."

दुसरा घोटा पडद्यावर आला. शेजारी शेजारी दोन घोटे. आणि दुसऱ्यातही काळी रेघ, तश्शीच!

"आगं माझे बाय!" मी खुर्चीतच बसले. "दोन्ही मोडले की गं पोरीचे!"

नेमका तेव्हाच दार उघडून मुलगा आत आला. डोक्यावर हेल्मेट तसंच, शर्टाला कारखान्यातलं ग्रीस.

"कुठला पाय?"

"दोन्ही!"

तो भिंतीला टेकला. डॉक्टरणीने तोंडावर हात धरला होता. मला वाटलं तिला रडू आलं. कसलं रडू! हसू दाबत होती ती.

"बसा दोघंही," ती म्हणाली. "आधी हेल्मेट काढा. कोणाचंच काही मोडलेलं दिसत नाहीये. आजी, ही रेघ म्हणजे तडा नाही. लहान मुलांच्या हाडाच्या टोकाशी कूर्चा असते. कानाचा पाळीच्या वरचा भाग कसा मऊ असतो, तशी. तिथून हाड वाढतं. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, म्हणून तिथे मोकळी काळी रेघ दिसते. ज्या मुलाची वाढ चालू आहे, त्याच्या प्रत्येक घोट्यात ही असते. वाढ पुरी झाली की भरून येते."

"माझ्यात?" मी विचारलं.

"तुमची केव्हाच भरली, आजी."

"उंची बघून वाटत न्हाई, मॅडम," मुलगा म्हणाला. भिंतीला टेकलेला माणूस, रंग परत आला नव्हता तोवर आईची चेष्टा!

मी म्हणाले, "पण साताऱ्याच्या डॉक्टरांनी मला हीच रेघ दाखवून सांगितलं हुतं, तडा गेलाय म्हणून." मग सगळं सांगावं लागलं. चिंच, वांग्याएवढी सूज, पायाळूपण. डॉक्टरणीने मुलाला बूट काढायला सांगितला, त्याचा घोटा बघितला आणि विचारलं, "किती दिवसांनी दाखवलं होतं?"

मुलगा पटकन म्हणाला, "लगेचच की. एक-दोन दिवसांत."

"पाच," मी म्हणाले. "चार दिवस मी त्यावर पाय फिरवत हुते."

नात माझ्याकडे बघत होती. मग डॉक्टरीण म्हणाली, "त्या डॉक्टरांचं बरोबर होतं, आजी. रेघ सगळ्यांनाच असते. तुमच्या मुलाचा तडा त्या रेघेतून खालच्या तुकड्यात उतरला असणार. तेव्हाही रेघेकडे बघून नाही, तडा बघून ते म्हणाले असतील." म्हणजे मी इतकी वर्षं पाहुण्यांना भलतीच रेघ दाखवत होते! सगळ्या आळीला, सूर्यासकट!

"पण हिचं अजून संपलेलं नाही," डॉक्टरीण म्हणाली. "दाबल्यावर दुखतंय ते त्या वाढीच्या जागेपाशीच. तिथली इजा कधीकधी एक्स-रेत दिसतच नाही. म्हणून मला सोनोग्राफी करून बघायचीय."

माझं हसू गेलं. मुलाचंही. त्याने नातीचा हात धरला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला न सांगता कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. हिचाही कलला तर?

चाकांवरचं एक छोटं मशीन आणलं. घोट्यावर थंडगार जेली लावली तशी नात म्हणाली, "शीऽऽ, शेंबूड!" पडद्यावर करड्या रेघाच रेघा. मला त्यात काय दिसणार? माझा रेघांवरचा विश्वास तोवर पार उडाला होता. मी डॉक्टरणीच्या तोंडाकडेच बघत बसले. ती बारकाईने बघत होती, एका हाताने पाय हळूच वळवत होती. दुसरा पाय बघितला. परत पहिला.

"ही पांढरी कड म्हणजे हाडाचा पृष्ठभाग," ती म्हणाली. "कुठे पायरी नाही, हाडाच्या पातळ सालीखाली रक्त साठलेलं नाही. दोन्ही पाय सारखे. आणि ही बघा, हाडांना बांधून ठेवणारी दोरी. ही सुजलीय, ताणली गेलीय. तुटलेली नाही. चांगलीच मुरगळ आहे ही. वाढीच्या जागेला धक्का दिसत नाही."

"म्हंजी सरळ वाढंल?" मुलाने विचारलं. फौजेला लायक ठरेल का असं विचारल्यासारखं.

"तीन आठवडे आधाराचा पट्टा, आठवडाभर कुबडी. मग परत दाखवा. मी तपासून सांगेन, पण मला तरी काळजी वाटत नाही."

मुलाने पोरीच्या जेली लागलेल्या पायावर डोकं टेकलं. नात म्हणाली, "पप्पा, शेंबूड लागला तुमाला." आणि मग ताबडतोब, "शनिवारी खेळू?"

"नाही!" तिघंही एकदम ओरडलो.

बाहेर निघताना तो जाडजूड तंत्रज्ञ मागून घाईघाईने आला. आतलं बोलणं त्याने ऐकलं असावं. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "आज्जी, तुमी पायाळू हाय म्हणं? दोन म्हैनं झालं, कंबरंत उसण भरलीया. जरा लावता का पाय?"

"आरं गड्या, सगळ्या गावाचे फोटो काढतोस आन् स्वतःचा न्हाई व्हय? जा, मॅडमना कंबर दाखव." पण तोंड इतकं हिरमुसलं त्याचं की मी म्हटलं, "दाखवून ये, मग लावते. मॅडमच्या औषधाला जरा माझी फोडणी." मुलाने आपली गाडी तिथेच ठेवली आणि माझा दंड धरून मला रिक्षात बसवलं.

रिक्षात मी म्हटलं, "एक-दोन दिवसांत दाखवलं, असं कशाला सांगितलंस रं?"

तो बाहेर बघत म्हणाला, "आईला परक्यानं बोल लावलेलं कोण ऐकून घेतंय?" जरा वेळाने म्हणाला, "आन् आये, फौजेत गेलो असतो तर ही सांगलीवाली बायको कुठनं मिळाली असती? आन् मग हे येडं?" येडं मध्ये बसून पट्ट्याचं चिकटवायचं टोक चर्रऽऽ करत उघडत होतं आणि बंद करत होतं.

शनिवारची मॅच आम्ही सगळ्यांनी बघितली. नात कुबडी घेऊन मैदानाच्या कडेला बसली आणि इतकी ओरडली की संध्याकाळी तिचा आवाज बसला. संघ हरला. "मी असते तर जिंकलो असतो," असं तिने त्या बसलेल्या आवाजात निदान चाळीस वेळा ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून.

तीन आठवड्यांनी परत गेलो. डॉक्टरणीने पुन्हा त्याच एका बोटाने दाबून बघितलं. "इथे? इथे?" हाडाच्या टोकाशी बोट आलं तेव्हा मी नातीच्या तोंडाकडे बघत होते. नात म्हणाली, "गुदगुल्या होतायत."

"आता त्याच पायावर उभी राहा. उडी मार बघू."

तिने मारली. मग दुसरी. मग एका पायावर उड्या मारत ती दारातून बाहेरच गेली. बाहेर बाकावर लोक बसलेले, कोणाच्या हाताला प्लास्टर, कोणाच्या गुडघ्याला पट्टी. ते मोजायला लागले, "पाच, सहा, सात..." मुलगा मागे धावला, "बास की गं!" डॉक्टरीण म्हणाली, "मारू द्या, हीच तपासणी आहे." पंधराला प्लास्टरवाल्याने दुसऱ्या हाताने मांडीवर ताल धरला. एकविसाव्या उडीला ती दमून एका अनोळखी आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली.

"मॅडम, उद्यापास्नं खेळू म्हणून लिहा," ती आत येऊन म्हणाली.

"आजपासून हळूहळू, दोन आठवड्यांनी पूर्ण," डॉक्टरणीने लिहिलं.

"एक आठवडा लिहा की!"

"दोन."

"दीड?"

"आजी, ही कोणावर गेलीय?" डॉक्टरणीने विचारलं. मी छताकडे बघितलं.

बाहेर रिक्षा उभी होती, पण नात बसेना. चालत जायचं म्हणाली. बाप आणि ती पुढे निघाले. त्याचं पाऊल पडतं कसं ते मला पाठ आहे, त्यामुळे मी तिचंच बघत होते. उन्हात डावं, उजवं, डावं, उजवं, दोन्ही सरळ. बघता बघता मी इतकी मागे पडले की ती कोपऱ्यावरून वळून ओरडली, "आज्जे, चल की! लय हळू चालतीस तू!"